इंदू माझ्या दारी आली नाही

गावातली पोरं परवा घरी आली होती. गॅसच्या सोसायटीच्या खोलीत इंदूचा फोटो लावायचा आहे, हार घालायचा आहे, आणि त्या वेळी मी तिच्याबद्दल चार चांगले शब्द बोलावेत असं त्यांचं म्हणणं. का, तर म्हणे, "वहिनी, त्यांच्या बरोबरीच्या आता तुम्हीच उरल्या." मी त्यांना चहा पाजला आणि बघते म्हणून सांगितलं. चार चांगले शब्द माझ्याकडे नाहीत असं नाही. पण ते तोंडात यायच्या आधी दुसरे चाळीस येतात, त्याला मी काय करू? तेव्हा ते चाळीस आधी इथं मोकळे करते, मग उरले तर हारापुढे चार बोलता येतील.

इंदू आमच्याच गल्लीतली. नवरा पिंपळगावला कांद्याच्या टेम्पोवर, आठवड्यातून एकदोनदा घरी यायचा. दारात एक म्हैस आणि ओसरीवर शिलाई मशीन, एवढा तिचा संसार. अंगानं काटकुळी. चालायची मात्र अशी, की शेजारून बोलत जायचं म्हटलं तर आपल्याला धाप लागावी. गावातल्या यच्चयावत बायकांची पोलकी तीच शिवायची. माप घेताना टाचण्या तोंडात धरायची आणि त्या तशाच ठेवून दातांतून बोलायची. समोरच्या बाईला हलायची सोय नाही, कारण टेप गळ्यात, आणि नीट ऐकू येत नाही म्हणून गप्प राहून कान द्यावा लागायचा. तिला कुणी मध्येच तोडल्याचं मला आठवत नाही. मी बोलायला लागले की चार जणी मध्ये बोलतात.

तिचं एक पालुपद होतं. काहीही सांगून झालं की म्हणायची, "मी काय सांगणार, तुम्हीच बघा." झालं. समोरची बाई आपली आपणच बघायची, आणि बघून झाल्यावर नेमकं इंदूच्या मनात असेल तेच करायची. मी हे पालुपद घरी आमच्या ह्यांच्यावर वापरून पाहिलं. ते खरंच आपले आपण बघायला गेले आणि भलताच ट्रॅक्टर बघून आले.

आता माझं दुखणं काय ते सांगते. त्यासाठी माझ्या गॅसपासून सुरुवात करावी लागेल.

माझं माहेर नाशिक रोडचं. वडील नोटांच्या प्रेसमध्ये, राहायला कॉलनी, घरात रॉकेलचा स्टोव्ह. दिंडोरीच्या अलीकडच्या या गावात लग्न होऊन आले तेव्हा चुलीपुढे बसून पहिलं वर्षभर मी रडतच स्वयंपाक केला. सासूबाईंना वाटायचं सून माहेरच्या आठवणीनं रडते. धूर होता तो. आमच्या ह्यांना मात्र कळलं. द्राक्षाचा माल चांगला गेला त्या वर्षी त्यांनी सरकारी योजनेतून गोबर गॅस बसवला, गोठ्यामागे विटांची विहीर बांधून तिच्यावर मोठी लोखंडी टोपी. टोपी नाशिकहून ट्रकात आली तेव्हा पोरं वेशीपासून मागे पळत होती. नळी थेट माझ्या ओट्यापर्यंत. पहिल्यांदा शेगडी पेटली आणि निळा जाळ उभा राहिला, तेव्हा हे म्हणाले, "आता रडायचं नाही." एवढंच बोलले. आमच्याकडे याहून जास्त बोलत नाहीत.

त्या दिवसापासून मी गावात गोबर गॅसवाल्या वहिनी झाले. हळदीकुंकवाला बायका आल्या की आधी स्वयंपाकघरात डोकवायच्या. कुणाकडे पाहुणे आले, लाकडं ओली निघाली, की चहाचं भांडं घेऊन माझ्याकडे. मी कुणाला नाही म्हटलं नाही. मला ते आवडायचं, खोटं कशाला बोलू. गावात एवढी घरं, एवढ्या सुना, पण निळा जाळ एकीकडेच होता, आणि तो नवऱ्यानं माझ्या डोळ्यांसाठी आणला होता.

इंदूही एकदा आली होती, चहाचं पातेलं घेऊन. बाकीच्या बायका "किती छान, किती स्वच्छ" म्हणायच्या, ही नुसती बघत उभी. चहा उकळला तरी बघतेच आहे. मग म्हणाली, "वहिनी, ही नळी लांबवली तर आणखी किती घरांत जाईल?"

मी म्हटलं, "दुसऱ्याच्या घरात कशाला जाईल?"

"नाही, आपलं विचारलं," म्हणाली, आणि पातेलं उचलून गेली. त्यानंतर ती चहा गरम करायला कधी आली नाही.

पुढे नाशिकहून एक साहेब आले. म्हणाले, गावानं एकत्र येऊन सोसायटी केली, प्रत्येक घरानं भाग भरला आणि रोजचं शेण दिलं, तर शाळेमागच्या पडीक जागेत मोठी टाकी बांधून मिळेल. गॅस घरोघरी नळीनं. मारुतीच्या पारावर पुरुषांची बैठक झाली आणि नेहमीसारखं झालं. एक म्हणाला, "शेनातला गॅस काढल्यावर त्यात कस काय राह्यला? बागंला काय राख घालायची?" दुसरा म्हणाला, "हितं भावाभावात एक मोटर चालत नाय, गॅस कुठून चालायचा?" साहेबांनी पान खाल्लं आणि जीपमध्ये बसले. मला वाटलं, मिटलं.

मिटलं नव्हतं. इंदूच्या ओसरीवर पोलकी शिवायला जाणारी प्रत्येक बाई तासाभरानं सोसायटीची सभासद होऊन बाहेर पडायला लागली. कुणी कोंबड्या विकून भाग भरला, कुणी नवऱ्याला आठवडाभर अळणी जेवू घालून त्याच्याकडून भरून घेतला. ओसरीवर जायला जिला वेळ नाही तिच्या घरी इंदू स्वतः जायची. खालच्या आळीला गेली, मळ्यांवर गेली, बौद्धवस्तीत गेली, गावाबाहेरच्या पिंजारी कुटुंबाकडे गेली. गावात एकच दार राहिलं.

माझं.

आणि गाय-बैल-म्हशी मिळून सगळ्यात मोठा गोठा आमचा. आमच्या शेणाशिवाय ती टाकी पुरी भरायची नाही, हे गावातलं शेंबडं पोरही सांगत होतं. म्हणजे ती येणार. यायलाच हवी. मी तयारी करून ठेवली होती. चहा द्यायचा, खुर्चीवर बसवायचं, सगळं ऐकून घ्यायचं, आणि मग म्हणायचं, "ह्यांना विचारून सांगते हो." मग थोडे दिवस तिला ताटकळत ठेवून हो म्हणायचं. हो म्हणणार होते मी. पण तिनं मागायला तर हवं ना. रोज दुपारी मी दार उघडं टाकून बसायचे. ती समोरून जायची, "जेवलात का वहिनी?" विचारायची आणि चार पावलांत गल्लीच्या टोकाला.

वर काय केलं बघा. शेणातला कस जातो ही पुरुषांची भीती घालवायला तिनं बायकांना आमची बाग दाखवली. आमची. आमच्या टाकीतून निघालेली मळी हे काही ओळींना घालायचे. त्या ओळींचं पान चांगलंच काळंभोर होतं. ही बायकांना घेऊन बांधावर उभी राहिली, आत पाऊल टाकलं नाही, आणि म्हणाली, "मी काय सांगणार, तुम्हीच बघा." बायकांनी बघितलं आणि घरी जाऊन नवऱ्यांना सांगितलं. माझी वेल, माझी मळी, माझ्या नवऱ्याची मेहनत, आणि नाव कुणाचं झालं?

मी ह्यांच्याकडे तक्रार केली तर म्हणाले, "बाईला डोकं आहे हो." त्या दिवशीच्या चहात मी साखर घातली नाही. त्यांच्या ते लक्षातही आलं नाही.

शेण कमी पडत होतं, त्याची वाट तिनं कशी काढली ते तर ऐकाच. आमच्याकडे गुराखी गावाची गुरं एकत्र चारायला नेतो आणि दुपारी ओढ्याकाठच्या चिंचांखाली बसवतो. तिथं पडलेलं शेण ज्यानं उचललं त्याचं, हा गावाचा जुना रिवाज. कुणाचं जनावर ते बघायचं नाही. ज्या बायकांकडे गुरं नव्हती, त्यांनी तिथलं शेण उचलून टाकीवर आणायचं आणि तोच त्यांचा रोजचा वाटा धरायचा, असं इंदूनं ठरवलं. बिनगुरांच्या बायका सभासद झाल्या आणि टाकीही भरत आली. त्या चिंचांखाली आमचीही गुरं बसायची. म्हणजे माझ्या म्हशींचं शेण तिच्या टाकीत जाणार, आणि मला कुणी विचारणार नाही. मी ह्यांना म्हटलं, गुरं दारातच बांधा, वैरण टाकू. ते म्हणाले, "एवढ्यासाठी?" एवढ्यासाठी.

टाकी सुरू झाली. सकाळी आणि संध्याकाळी ठरल्या वेळी इंदू कॉक उघडायची आणि शाळेचा लोखंडी टोल वाजवायची. टोल वाजला की गल्लीतल्या सगळ्या घरांत एकदम तवे चढायचे. भाकरी थापायचे आवाज अख्ख्या गल्लीतून यायचे. आणि त्याच सुमाराला माझ्या टाकीची टोपी गंजून भोकं पडली. वेल्डिंगवाला दिंडोरीहून यायचा, एक भोक बुजवायचा, दुसरं पडायचं. माझ्या शेगडीवर दूध कोमट व्हायचं, उकळायचं नाही. मी परसात चूल मांडली. कुणी विचारलं तर सांगायचे, "ह्यांना चुलीवरचीच भाकरी आवडते." अख्ख्या गावात चुलीचा धूर एकट्या माझ्या घराचा होता, त्यामुळे विचारायला फारसं कुणी येतच नव्हतं.

असे काही महिने गेले आणि दिवाळी आली. आणि गावानं अशी चूक केली, की मला वाटलं देवानं माझं ऐकलं.

दिवाळीला आमच्याकडे अंगणं सारवायची, ओटे सारवायचे, गोठे सारवायचे. पाडव्याला दारात शेणाच्या गवळणी मांडायच्या. त्याला ताजं शेण लागतं. प्रत्येकीनं मनात म्हटलं, एक पाटी घरात ठेवली तर एवढ्या मोठ्या टाकीला काय फरक पडतोय. प्रत्येकीनं ठेवली. कुणी कुणाला सांगितलं नाही. चारपाच दिवस टाकीला निम्मंही शेण गेलं नाही, थंडीही पडायला लागलेली, तिच्यात गॅस कमीच धरतो, आणि वर घरोघरी फराळाचं तळण, त्यासाठी कॉक दुपारीही उघडा ठेवलेला. वसुबारसेच्या दुपारी साऱ्या गावाच्या कढया चढलेल्या असताना जाळ पिवळा झाला, मग बारीक झाला, मग गेला. घरोघरी करंज्या तेलात तशाच.

मला इतकं बरं वाटलं म्हणून सांगू. मी लुगडं नीट केलं आणि बघायला गेले.

टाकीवर बायका जमून इंदूवर तुटून पडल्या होत्या. "कॉक नीट उघडला नाय तू." "तुझ्या बाजूच्या घरांना जास्त जातो." तोंडाळ सखूबाई म्हणाली, "माज्या करंज्या तू खानार हाय का आता?" मी एका कडेला उभी. म्हटलं, आता बघू टाचण्या कशा धरते तोंडात.

इंदू टाकीच्या कठड्यावर बसली. म्हणाली, "माझं अंगण बघितलं का? काल सारवलंय. दोन पाट्या लागल्या. मी पण टाकीला घातल्या नाहीत."

एकेकीला आपापलं अंगण आठवलं. सखूबाईच आधी हसली, आणि मग सगळ्याच हसत सुटल्या. इतक्या भांडायला आलेल्या बायका, आणि ही एका वाक्यात त्यांच्यातली होऊन बसली. माझ्या हातून अशी चूक झाली असती तर मी मेले तरी सांगितली नसती. कढया उचलून त्यांनी शाळेच्या मैदानात आणल्या, तीन दगडांची मोठी चूल मांडली, आणि साऱ्या गावाच्या करंज्या एकत्र तळायला घेतल्या. कुणाची कुठली ते कळेना. कुणाला त्याचं काही वाटतही नव्हतं.

मी तिथंच उभी होते. माझ्या गोठ्यात ढिगानं शेण पडलेलं होतं, सारवून उरलेलं. इंदूनं माझ्याकडे बघितलं. मला वाटलं, आता. आता तरी म्हणेल. ती म्हणाली, "वहिनी, उन्हात उभ्या राहू नका, सावलीला या."

माझं डोकंच फिरलं. घरी आले आणि गड्याला बैलगाडी जुंपायला लावली. हे विचारताहेत काय झालं, मी पाटी उचलली. गोठ्यातलं सगळं शेण गाडीत भरलं, मी स्वतः पुढं बसले आणि गाडी गावाच्या मधल्या रस्त्यानं नेली, सगळ्यांना दिसेल अशी. टाकीपाशी थांबवून म्हटलं, "घ्या. कुणी मागितलं नाही तरी आणलंय." माझी अपेक्षा होती की निदान आता ती हात जोडील, बायका म्हणतील, वहिनींनी दिवाळी वाचवली. इंदूनं एक बांबू माझ्या हातात दिला. म्हणाली, "शेण-पाण्याचा काला करताना डाव्या बाजूनं ढवळा, उजवीकडे गाळ बसतो."

आणि मी ढवळलं. नाशिक रोडच्या प्रेस कॉलनीतली मुलगी, गोबर गॅसवाल्या वहिनी, दिवाळीच्या लुगड्यात घोट्यापर्यंत शेणकाल्यात उभी राहून ढवळत होते, आणि शेजारी सखूबाई मला शिकवत होती. दुसऱ्या दिवसापासून आमचं शेण रोज टाकीवर जायला लागलं. नळी घरात आली. भाग आम्हीही भरला, सगळ्यांएवढाच.

पुढल्या दिवाळीपर्यंत इंदूनं सारवण्याचाही प्रश्न सोडवून टाकला. टाकीतून निघालेल्या मळीनंच सारवा म्हणाली. वास नाही, माश्या नाहीत, अंगण छान गुळगुळीत. ताजं शेण फक्त गवळणींपुरतं मूठभर. आमच्याकडे मळी इतकी वर्षं निघत होती, हे मला सुचलं नव्हतं. सुचायला पाहिजे होतं की नाही? माझ्या घरात होती ती.

सभांमध्येही तेच. मी एकदा सरळ विचारलं की आमचा गोठा भरलेला, तिची म्हैस एक, मग मत दोघींचं एकेकच का? पुरुषांनी माना डोलावल्या. इंदू म्हणाली, "वहिनी, जेवता तर एकाच तोंडानं ना." सगळे हसले आणि विषय संपला. हे सुद्धा हसले. माझी मुलगी तिच्याकडे शिवण शिकायला जायची आणि घरी येऊन मला सांगायची, "आई, इंदूमावशी म्हणते तसं करून बघ ना." मी करून बघायचे नाही.

बरीच वर्षं इंदूनं ती टाकी चालवली. मग इंदूच्या नवऱ्याची कंबर गेली, टेम्पो सुटला, आणि त्यांच्या लेकीनं दोघांना नाशिक रोडला आपल्याकडे बोलावून घेतलं. माझ्या माहेरी. म्हणजे आता तिथंही हीच. म्हैस विकली, मशीन टेम्पोत घालून नवरा पुढं गेला, आणि ती मागाहून एस.टी.नं निघाली. गावच्या फाट्यावर तिला पोचवायला बायका आल्या होत्या, रडत होत्या. गाडीला उशीर होता. संध्याकाळच्या टोलची वेळ झाली तशा त्या एकेक करून परतल्या. मी मागे राहिले. मला डाळ-तांदळाची घाई नव्हती, त्या दिवशी सून करणार होती.

दोघी दगडावर बसलो. इतकी वर्षं पोटात ठेवलेलं होतं, म्हटलं आता नाही विचारलं तर ते तसंच राहील. मी म्हटलं, "इंदू, एक सांग. गावातल्या दारादारात गेलीस. माझ्याकडे का नाही आलीस? मी नाही म्हटलं असतं असं वाटलं तुला?"

"नाही हो," ती म्हणाली. "तुम्ही दिलं असतं."

"मग?"

"मग टाकी तुमची झाली असती. वहिनींनी शेण दिलं म्हणून झाली, असं म्हटलं असतं सगळ्यांनी. मला ते चाललं नसतं."

ती रस्त्याकडे बघत होती.

"तुमच्या घरी गॅस आला ना," ती म्हणाली, "तो बघून आले त्या दिवशी माझ्या घशाखाली घास उतरला नाही. कितीतरी दिवस. मला वाटायचं, हिला का आणि मला का नाही. आणि तुम्ही इतक्या चांगल्या, कुणाला नाही म्हणायच्या नाहीत, त्याचा तर जास्तच राग यायचा. मनाशी म्हटलं, साऱ्या गावात असा जाळ करीन, म्हणजे हिच्याकडे बघायला कुणी जाणारच नाही."

"म्हणजे तू माझ्यावर जळत होतीस?"

"खूप," इंदू म्हणाली. अगदी सरळ, छातीचं माप सांगावं तशी.

गाडी आली. तिनं पिशवी उचलली, माझ्या पाया पडली, मी थोरली म्हणून, आणि त्याच तिच्या भरभर चालीनं चढून गेली. खिडकीपाशी बसून पिशवी मांडीवर घेतली आणि तिकिटासाठी कनवटीचे पैसे काढायला लागली. तिनं वर बघितलं नाही. कंडक्टरनं बेल मारली आणि गाडी नाशिकच्या बाजूला वळून दिसेनाशी झाली.

मी तिथंच बसून राहिले. तिला गॅसचा मान मिळाला, गाव मिळालं, माझा नवरा तिचं कौतुक करायचा, माझी मुलगी तिचं ऐकायची, ते सगळं मी कसंबसं गिळलं होतं. पण एकमेकींवर जळण्यात निदान मी तिच्या पुढे आहे, असं मला इतकी वर्षं वाटत होतं.